पहिल्या नंबराचे पंधरा दिवस

१ डिसेंबर २००७ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास मी एका म्हाताऱ्या माणसाचं अभिनंदन केलं. करायला नको होतं. गोष्ट एवढीच आहे. पण इतकी वर्षं झाली तरी दात घासताना, सिग्नलला थांबलेलो असताना ती मधूनच आठवते आणि मी एकटाच नकारार्थी मान हलवतो. बायको विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही.

गाव मॉर्गनटाउन. वेस्ट व्हर्जिनियातलं, डोंगरउतारावर कसंबसं टेकलेलं विद्यापीठाचं गाव. खाली मोनोंगहेला नदी, वर धुकं, आणि मधे चालकाशिवाय रुळावरून धावणारे छोटे डबे, ज्यांत बसून आम्ही एका कॅम्पसवरून दुसऱ्या कॅम्पसला जायचो. मला तिथं येऊन जेमतेम चार महिने झाले होते. त्या शनिवारी संध्याकाळपासून मी तळघरातल्या लॅबमध्ये होतो. सॅम्पल फर्नेसमध्ये ठेवलेलं, दर वीस मिनिटांनी वहीत तापमान लिहायचं, बाकी वेळ खुर्चीत बसून पेंगायचं. फोनला रेंज नाही. बाहेर पडलो तेव्हा थंडी कानांच्या पाळ्यांना चावत होती आणि गाव विचित्र गप्प होतं. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सामना संपला असणार, लोक दमले असणार, असं मी स्वतःच ठरवून टाकलं. वाटेतल्या पार्किंगमध्ये एका पिकअप ट्रकचा मागचा फाळका खाली सोडून एक गृहस्थ बसले होते. वय सत्तरीकडे झुकलेलं. निळी टोपी, तिच्यावर पिवळं अक्षर. शेजारी ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली सात-आठ वर्षांची मुलगी, तिच्या एका गालावर पिवळा रंग, दुसऱ्यावर निळा, दोन्ही फिसकटलेले. पायाशी विझत आलेली कोळशाची शेगडी. चार महिन्यांत मी एक गोष्ट शिकलो होतो, की इथं अनोळखी माणसाशीही सामन्याबद्दल बोलायचं असतं. मी हात उंचावून, जरा जास्तच जोरात म्हणालो, "काँग्रॅच्युलेशन्स, सर!"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग टोपीच्या कडेला दोन बोटं लावून म्हणाले, "थँक यू, सन."

खोलीवर आलो तर नागपूरचा रूममेट अंधारात टीव्हीसमोर बसलेला. मी विचारलं, कितीने जिंकलो? तो म्हणाला, "हरले ना बे. तेरा-नऊ."

हे तेरा-नऊ काय होतं ते सांगायला हवं. त्या आठवड्यात वेस्ट व्हर्जिनिया, म्हणजे आमच्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, देशातल्या कॉलेज संघांत दुसऱ्या क्रमांकावर होती. पहिल्या दोन क्रमांकांचे संघ ७ जानेवारीला न्यू ऑर्लिन्सला भिडणार आणि त्यातून त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता ठरणार. मधे उरला होता फक्त हा एक सामना, आपल्याच गावात, आपल्याच साठ हजार लोकांसमोर. समोर पिट्सबर्ग, म्हणजे शेजारचा शत्रू. सामना या दोघांमधला शंभरावा होता. पण पिट्सबर्गचे त्या वर्षी चार विजय आणि सात पराभव झालेले. सट्टेबाजांच्या हिशोबाने आम्ही चार टचडाउनांनी, म्हणजे अठ्ठावीसेक गुणांनी, जिंकणार होतो. आदल्याच शनिवारी कनेक्टिकटला ६६-२१ असं लोळवलेलं. सुपरमार्केटच्या काउंटरवरची बाई पैसे घेताना विचारायची, न्यू ऑर्लिन्सला जाणार ना? मी म्हणायचो, हो, हो. मला न्यू ऑर्लिन्स नकाशावर दाखवता आलं नसतं.

मी म्हटलं ना 'आम्ही' जिंकणार होतो? हा 'आम्ही' कधी आला मलाही कळलं नाही. ऑगस्टमध्ये मी या खेळाला हसायचो. फुटबॉल म्हणायचं आणि चेंडू हातात घेऊन पळायचं, चार पावलं गेलं की सगळ्यांनी अंगावर पडायचं, मग उठून पुन्हा खलबतं. शिवाय पिट्सबर्ग म्हणजे आम्हा देशी पोरांसाठी तूरडाळ होती. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी गाडीत पाच जण कोंबून आम्ही तिथं जायचो. आधी टेकडीवरच्या वेंकटेश्वराच्या देवळात, तिथला चिंचेचा भात पोटभर, मग किराणा. हिरव्या मिरच्या, कढीपत्ता, पोह्यांची पिशवी. ज्या गावाने आम्हाला कढीपत्ता दिला त्याच गावाच्या नावाने स्टेडियममधली पोरं एका सुरात जी घोषणा द्यायची ती इथं लिहिण्यासारखी नाही. ऑक्टोबरपर्यंत मीही ती देत होतो. मॉर्गनटाउनची वस्ती त्या स्टेडियमच्या निम्मी. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम त्या अख्ख्या राज्यातल्या कुठल्याही शहराहून मोठं व्हायचं. कातड्याचे कपडे आणि केसाळ टोपी घातलेला एक विद्यार्थी आपण गुण केले की खरीखुरी बंदूक उडवायचा. धूर नाकात जायचा. जिंकल्यावर सगळे जागच्या जागी थांबून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गावाकडच्या रस्त्यांचं ते गाणं म्हणायचे. घरापासून इतक्या लांब बसून माणूस घरी जाण्याचं गाणं चाळीस-पन्नास वेळा ऐकेल तर त्याचा 'आम्ही' होणारच.

नंबर कसा काढतात हे कळलं तेव्हा मात्र मी चाट पडलो. शंभराहून जास्त संघ, प्रत्येकाचे साधारण बारा सामने. सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही. मग पहिला कोण? मतदान घ्यायचं! वर्तमानपत्रांचे पत्रकार दर आठवड्याला आपापली पंचवीस संघांची यादी पाठवतात, पहिल्याला पंचवीस गुण, पंचविसाव्याला एक, आणि बेरीज करायची. पत्रकारांच्या मतदानाची ही चाल १९३६ पासूनची. अंतिम सामन्यात कोण जाणार ते ठरवायचं तेव्हाचं सूत्र वेगळं. त्यात एक हिस्सा प्रशिक्षकांच्या मतांचा, एक दुसऱ्या एका मतदानाचा आणि एक संगणकांचा. म्हणजे आपल्याकडे गणपती मंडळांच्या देखाव्यांना नंबर देतात तसंच, फक्त दर आठवड्याला. परीक्षक बघून जाणार, मान डोलावणार, आणि निकाल लागल्यावर निम्मं गाव परीक्षकांच्या नावाने खडे फोडणार. आपल्या गल्लीत वाढलेल्या माणसाला हे समजायला अजिबात जड नाही.

त्या वर्षी परीक्षकांची जी त्रेधा उडाली तशी मी पुन्हा पाहिली नाही. सुरुवातच अशी झाली. १ सप्टेंबरला पाचव्या क्रमांकाच्या मिशिगनला त्यांच्याच लाखाच्या मैदानात ॲपलाचियन स्टेट नावाच्या, खालच्या दर्जाच्या गटात खेळणाऱ्या संघाने ३४-३२ हरवलं. शेवटच्या क्षणी मिशिगनने मारलेला फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांमधून चेंडू पाठवून तीन गुण मिळवायचा प्रयत्न, ॲपलाचियनच्या पोराने हाताने अडवला. मला तेव्हा खेळ कळत नव्हता, पण शेजारच्या अपार्टमेंटमधले लोक व्हरांड्यात येऊन एकमेकांना हाका मारत होते ते आठवतं. मोसमाच्या आधीपासून सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ पहिला होता. सप्टेंबरच्या शेवटी ते वॉशिंग्टनविरुद्ध तीन गुणांनी, धापा टाकत जिंकले आणि दुसऱ्या दिवशी पत्रकारांनी त्यांना दुसरं करून लुइझियाना स्टेटला पहिलं केलं. जिंकून खाली! पुढच्याच शनिवारी ते स्टॅनफर्डकडून एका गुणाने हरले. स्टॅनफर्ड त्या सामन्यात एकेचाळीस गुणांनी मागे पडेल असा अंदाज होता.

त्यानंतर दुसरा नंबर म्हणजे भुताची खोली झाली. भाडेकरू टिकेना. १३ ऑक्टोबरला लुइझियाना स्टेट केंटकीत तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळात, पडले. पहिली जागा रिकामी. दुसऱ्या नंबरावरच्या कॅलिफोर्नियाने त्या रात्री आपला सामना जिंकला की जागा त्यांची. तीन गुणांनी मागे, शेवटचे काही सेकंद, बरोबरीचा फील्ड गोल मारण्याइतकं अंतर हातात, आणि त्यांच्या नवख्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणाऱ्या खेळाडूने, चेंडू बाहेर फेकायचा सोडून तो घेऊन पळायचं ठरवलं. पकडला गेला. घड्याळ चालूच होतं आणि थांबवायला टाइमआउट उरला नव्हता. त्याने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं तो चेहरा टीव्हीवर मी पाहिला, आणि तेव्हापासून मी हा खेळ बघायला लागलो असं म्हटलं तरी चालेल. मग त्या खोलीत साउथ फ्लोरिडा आली, दहाच वर्षांपूर्वी सुरू झालेला संघ. पाच दिवस राहिली. मग बॉस्टन कॉलेज. मग ओरेगॉन, ज्यांच्या क्वार्टरबॅकचा गुडघा ॲरिझोनात दगा देऊन गेला. मग कॅन्सस, ज्यांचं नाव सुरुवातीच्या पंचविसांतही नव्हतं. शेवटच्या नऊ आठवड्यांत सात वेळा दुसऱ्या क्रमांकाचा संघ हरला. सातवे आम्ही.

इथं मला विट्याला जावं लागतं.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दहावीच्या पहिल्या नंबरांचा बोर्ड होता. निळा ऑइल पेंट, पांढरी अक्षरं, डावीकडे साल, मधे नाव, उजवीकडे टक्के. दर वर्षी निकालानंतर पेंटर यायचा, स्टुलावर चढायचा आणि एक ओळ वाढवायचा. १९९८ च्या जूनमध्ये ती ओळ माझी होती. वडील काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी फिरायला जायचा त्यांचा रस्ता बदलला, तो शाळेवरून जाऊ लागला. पंधरा-वीस दिवसांनी गुणांची फेरमोजणी झाली आणि वर्गातल्या मित्राचे चार मार्क वाढले. तो माझ्यापुढे दोन मार्कांनी गेला. मी काही चुकलो नव्हतो, कमीही पडलो नव्हतो. पेंटर पुन्हा आला. माझ्या ओळीवर निळा हात मारला, वाळू दिला, वर त्याचं नाव लिहिलं. पण निळा रंग नवा आणि बोर्ड जुना, त्यामुळे त्या ओळीचा पट्टा जरा जास्त गडद दिसायचा, आणि उन्हं तिरपी आली की मित्राच्या नावाच्या खालून माझी वेलांटी डोकवायची. वडिलांचा रस्ता पुन्हा बदलला. त्याबद्दलही कुणी काही बोललं नाही.

त्या पावसाळ्यात आईने मला दळण घेऊन गिरणीत पाठवलं. तात्यांच्या भुवयांवर, मिशांवर, कानांतल्या केसांवरसुद्धा पीठ. पट्ट्याच्या आवाजात ओरडून बोलावं लागायचं. ते ओरडले, "पैला आलायस म्हणं शाळंत!" मागे चार बायका डबे घेऊन उभ्या. खरं काय ते ओरडून सांगायला किती वेळ लागला असता? दोन वाक्यं. 'फेरमोजणी' हा शब्द गिरणीच्या आवाजात कसा ओरडायचा? मी म्हटलं, "व्हय तात्या." त्यांनी पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि दळणाचे पैसे घेतले नाहीत. घरी येऊन मी नाणी फळीवर ठेवली. आईने विचारलं, तर सांगितलं, सुट्टे नव्हते त्यांच्याकडे. पुढच्या दळणाला तिने दुप्पट पैसे देऊन पाठवलं आणि ते तात्यांना कसे द्यावेत हे न कळून मी बाकीच्या नाण्यांचा वडापाव खाल्ला. हे मी आज पहिल्यांदा कुठं तरी लिहितोय.

तर तेरा-नऊ. नंतर मी त्या सामन्याचं रेकॉर्डिंग पाहिलं, एकदा नव्हे, तीन-चारदा. आमच्या संघाचा सगळा जीव पॅट व्हाइट या क्वार्टरबॅकमध्ये. दुसऱ्या सत्रात त्याचा अंगठा निखळला. तो बाहेर बसला, शेवटी शेवटी परत आला, पण मधल्या काळात सामना हातातून निसटला. पॅट मॅकॲफी या किकरने दोन सोपे फील्ड गोल चुकवले. एक तर वीस यार्डांवरून, म्हणजे अंगणातून ओट्यावर. तो मुळचा पिट्सबर्गच्याच उपनगरातला, हे लोकांना त्या रात्री नेमकं आठवलं. आज तो टीव्हीवर कार्यक्रम करतो, लाखो लोक बघतात, आणि मी तो लावला की मला फक्त ते दोन चेंडू दिसतात. त्याचा काही इलाज नाही. आमच्या नऊ गुणांतले शेवटचे दोन तर पिट्सबर्गने जाणूनबुजून दिले, घड्याळ संपवण्यासाठी. हरणाऱ्याच्या हातावर चिल्लर ठेवावी तसे.

त्याच रात्री पहिल्या क्रमांकावरचं मिझुरीही ओक्लाहोमाकडून ३८-१७ हरलं. एका रात्रीत दोन्ही खुर्च्या रिकाम्या. आणि भरल्या कुणी? ओहायो स्टेटने, जे १० नोव्हेंबरला पहिल्या क्रमांकावर असताना इलिनॉयकडून हरले होते आणि नोव्हेंबरच्या मध्यात आपले सामने संपवून घरी सोफ्यावर बसले होते. बसल्या बसल्या, दुसरे पडतील तसे ते वर सरकत गेले आणि पहिले झाले. दुसरं लुइझियाना स्टेट, सातव्या क्रमांकावरून थेट उडी मारून. त्यांचे दोन पराभव, दोन्ही तिसऱ्या ओव्हरटाइममध्ये, दुसऱ्यांदा तर आर्कान्साकडून ५०-४८. त्यांची मंडळी सांगायची, नियमित वेळेत आम्ही हरलोच नाही. हे ऐकून मला आमच्याकडचे उमेदवार आठवायचे, पोस्टल मतं सोडली तर मीच निवडून आलो म्हणणारे. पण ७ जानेवारीला तेच ३८-२४ जिंकले. दोन पराभव पदरात असलेला विजेता त्या पद्धतीत त्याआधी झाला नव्हता. आणि हवाई? ते बाराच्या बारा सामने जिंकले, एकही हरले नाहीत, तरी कुणी त्यांना त्या खोलीचं दार उघडलं नाही. पुढे जॉर्जियाने त्यांना ४१-१० धुतलं तेव्हा परीक्षकांना हायसं वाटलं असेल. मला नाही वाटलं.

रविवारी मॉर्गनटाउनमध्ये पाऊसमिश्रित बर्फ पडत होता. जिंकलो की या गावात पोरं रस्त्यात सोफे जाळतात, त्यासाठी दोन सोफे आमच्या बिल्डिंगच्या कोपऱ्यावर आधीच आणून ठेवलेले. ते तसेच भिजत होते. संध्याकाळपर्यंत त्यांतला एक कुणीतरी उचलून परत वर नेला. दोन आठवड्यांनी संघाचा प्रशिक्षकही गेला, मिशिगनला, ज्यांच्या पराभवाने हा सगळा गोंधळ सुरू झाला होता. जानेवारीत हंगामी प्रशिक्षकाच्या हाताखाली याच पोरांनी ओक्लाहोमाला ४८-२८ फोडलं, मिझुरीला ज्यांनी फोडलं होतं त्याच ओक्लाहोमाला. गाव खूश झालं. पण लग्नात नाकारलेल्या मुलीने नंतर आयएएस व्हावं आणि नातेवाइकांनी तेव्हाही स्थळाचीच आठवण काढावी, तसं ते खूश होणं होतं.

आता पद्धत बदलली. २०१४ पासून चार संघांची बाद फेरी, २०२४ पासून बारांची. एखादा शनिवार वाईट गेला तरी चालतं. त्याच वर्षी ओहायो स्टेट मिशिगनकडून हरून, आठव्या मानांकनावरून आत शिरलं आणि विजेतं झालं. हे न्याय्य आहे, मान्य. तरी मला त्यात काहीतरी कमी वाटतं आणि असं वाटण्याची थोडी लाजही वाटते, कारण एका वाईट शनिवारी काय होतं ते मी भिजत्या सोफ्यांत पाहिलंय. तो गेलेला प्रशिक्षक सतरा वर्षांनी पुन्हा मॉर्गनटाउनला आला. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याच मैदानात पिट्सबर्गला ओव्हरटाइममध्ये ३१-२४ हरवलं. मी पुण्यात, रविवारी सकाळी, पोहे परतता परतता फोनवर निकाल पाहिला. नागपूरच्या रूममेटने व्हिडिओ पाठवला होता. साठ हजार लोक ते गाणं म्हणतायत. मी गॅस बारीक केला, आवाज मोठा केला, आणि गर्दीत कारण नसताना निळी टोपी शोधत राहिलो. तिथं प्रत्येकाच्याच डोक्यावर निळी टोपी.

त्या रात्रीचं एक सांगायचं राहिलं. मी 'काँग्रॅच्युलेशन्स' म्हणालो तेव्हा ती ब्लँकेटमधली मुलगी ताठ झाली होती. तिने तोंड उघडलं. मला तेव्हा वाटलं, जांभई. आजोबांनी माझ्यावरची नजर न काढता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, अगदी हलका, आणि तिने तोंड मिटलं. मग ते म्हणाले, थँक यू, सन. मी खूश होऊन चालू लागलो. दहा-बारा पावलांवर मागे वळून हातसुद्धा हलवला. दोघांनीही हलवला.